दंतविकास व वृद्धी घटक

दंतविकास व वृद्धी घटक : पेशी जी प्रथिने स्रवून शेजारच्या पेशींचे विभाजन, रूपांतर किंवा मरण घडवून आणतात, त्यांना वृद्धी घटक म्हणतात. जबड्यात दात कोठे उगवेल, तो पटाशीचा होईल की दाढ, दाढेला किती उंचवटे येतील, हे बहुतांशी या प्रथिनांच्या देवाणघेवाणीवर ठरते. दुधाच्या दातांच्या बाबतीत ही देवाणघेवाण गर्भारपणाच्या पहिल्या चार महिन्यांत बरीचशी उरकते. पहिला दात हिरडीबाहेर दिसतो तो त्यानंतर सुमारे वर्षभराने. त्यामुळे मुळातच नसलेला किंवा सुळक्यासारखा निमुळता दात ही गर्भावस्थेतील घडणीची नोंद असते, आणि दंतवैद्याइतकेच बालरोगतज्ज्ञानेही ती वाचली पाहिजे.

टप्पे : सहाव्या आठवड्यात भ्रूणाच्या तोंडातील अधिस्तर जाड होऊन दंतपट्टी तयार होते. आठव्या आठवड्याच्या सुमारास तिच्यावर कळ्या येतात, नवव्या-दहाव्यात त्यांना टोपीचा आणि पुढे घंटेचा आकार येतो. अधिस्तरापासून एनॅमल म्हणजे दंतवल्क बनते. त्याखालच्या, चेताशिखेतून आलेल्या मेसेन्काइम ऊतकापासून दंतिन व दंतमज्जा बनतात. पटाशीच्या दुधाच्या दातांत खनिज साठू लागते ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास. कायमच्या पहिल्या दाढेत ते जन्माच्या सुमारास सुरू होते.

प्रमुख घटक : सुरुवातीला अधिस्तर बोलतो आणि मेसेन्काइम ऐकते. अधिस्तरातील एफजीएफ-८ या वृद्धी घटकामुळे मेसेन्काइममध्ये पॅक्स-९ हे जनुक जागे होते. बीएमपी-४ हे दुसरे प्रथिन त्याला आवर घालते. दोघांच्या ओढाताणीत दाताची जागा मुक्रर होते. बीएमपी-४ मुळेच एमएसएक्स-१ जनुक कार्यरत होते. मग मेसेन्काइम स्वतः बीएमपी-४ स्रवू लागते आणि दात घडवण्याची सूत्रे त्याच्याकडे जातात. एमएसएक्स-१ नसलेल्या उंदरांत दात कळीच्या अवस्थेतच थांबतो.

टोपीच्या अवस्थेत मध्यभागी एनॅमल-गाठ दिसते. हेलसिंकी येथील युक्का येर्नवाल व इर्मा थेस्लेफ यांनी १९९४ मध्ये तिचे संकेतकेंद्र म्हणून स्वरूप दाखवले. गाठीतील पेशी स्वतः विभागत नाहीत, पण एफजीएफ-४ स्रवून भोवतालच्या पेशींना विभागायला लावतात. एफजीएफ-९, सोनिक हेजहॉग, डब्ल्यूएनटी व बीएमपी गटांतील प्रथिनेही तेथूनच निघतात. काम संपले की गाठ मरते. दाढेत पुढे दुय्यम गाठी येतात आणि प्रत्येकीच्या जागी एक उंचवटा उभा राहतो.

टीजीएफ-बीटा हे प्रथिन दंतिन घडवणाऱ्या पेशींच्या रूपांतरात भाग घेते व दंतिनातच साठून राहते. कीड खोल गेल्यावर ते मोकळे होऊन दुरुस्तीचे दंतिन बनण्यास मदत करते.

येथवरचा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे. उंदराला दुधाचे दात पडून दुसरे येत नाहीत, त्यामुळे माणसातील दुसऱ्या दंतावलीला तो तसाच लावता येत नाही.

इतिहास : काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय असून एकदाच येणारे दात व पडून पुन्हा येणारे दात असा भेद केला आहे. १९६२ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे लवकर उघडले आणि पटाशीचे दात लवकर बाहेर आले. त्यातून अधिस्तरीय वृद्धी घटक सापडला. वृद्धी घटकांच्या शोधासाठी कोहेन व रीता लेव्ही-माँताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बीएमपीच्या कल्पनेचा उगम मार्शल युरिस्ट यांच्या हाडांवरील १९६५ च्या प्रयोगांत आहे.

सिंधमधील कुटुंब : दात मुळातच कमी असण्याची एक जुनी भारतीय नोंद तत्कालीन मुंबई इलाख्यातील आहे. सिंध १९३६ पर्यंत या इलाख्यात होता. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये, पाळीव प्राणी व वनस्पतींच्या बदलांवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, तेथील एका हिंदू कुटुंबाचे वर्णन दिले. चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून चार लहान, दुबळे पटाशीचे दात व आठ दाढा एवढेच दात होते. अंगावर केस तुरळक, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून अतिशय त्रास. मुलींना दोष दिसत नसे, पण तो त्यांच्या मुलग्यांत उतरे. बापाकडून मुलग्याकडे मात्र जात नसे. थडानी या अभ्यासकाने १९२१ मध्ये हैदराबाद (सिंध) येथील अशा लोकांवर लिहिले. हे वर्णन एक्स-गुणसूत्राशी निगडित अल्पस्वेदी बाह्यस्तर-दोषाशी जुळते. त्याचे ईडीए हे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले. या जनुकाचे प्रथिन काटेकोर अर्थाने वृद्धी घटक नसून टीएनएफ कुळातील संकेतप्रथिन आहे. ते नसल्यास एनॅमल-गाठ खुरटते. घर्मग्रंथी व केसही याच संकेतावर अवलंबून असतात.

इतर दोष : पॅक्स-९, एमएसएक्स-१, डब्ल्यूएनटी-१०ए यांतील बदलांमुळे काही दात मुळातच नसतात. एमएसएक्स-१ च्या काही बदलांत दुभंगलेला ओठ किंवा टाळूही आढळते.

शहापूर व मुरबाड : ठाणे जिल्ह्याच्या या तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व वारली वस्ती मोठी आहे. तेथे जनुकीय दोषांखेरीज दुसरी कारणेही पाहावी लागतात. मातेचे कुपोषण, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण व अर्भकाचे आजार यांनी मुख्यतः एनॅमलची प्रत बिघडते : खड्डे व रेषा पडतात आणि असे दात लवकर किडतात. दातांची संख्या मात्र बहुधा जनुकीय असते. आदिवासी भागातील गर्भवतींना सकस आहार देण्याच्या २०१५ च्या अमृत आहार योजनेची मूळ आखणी गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासूनची होती. त्याआधीच दुधाच्या दातांत खनिज साठू लागलेले असते, म्हणून गर्भारपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांत होणे दातांसाठीही मोलाचे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. तपासणीच्या यादीत दंतविकार व दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. दात मुळातच कमी असलेल्या मुलाला घाम येतो का, हे त्याच वेळी विचारले गेले पाहिजे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. घाम न येणाऱ्या मुलाचा ताप तेथे जिवावर बेतू शकतो. 

उपचार : जर्मनीतील एर्लांगेन येथे गर्भजलात ईडीए प्रथिन टोचल्यानंतर जन्मलेल्या मुलांना घाम येत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बीएमपीला अडवणाऱ्या युसॅग-१ या प्रथिनाविरुद्धच्या, नसलेले दात उगवावेत म्हणून बनवलेल्या प्रतिपिंडाची मानवी चाचणी २०२४ मध्ये क्योतो येथे सुरू झाली. रूढ उपाय म्हणजे बालपणीच कवळी बसवणे व जबडा वाढेल तशी ती बदलणे.