दयेचे कुंपण आणि करुणेचे घर

सोलापुरातल्या एका बुद्धविहारात आम्ही अभ्यासवर्ग चालवतो. तिथे एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, करुणा म्हणजे दयाच ना? मग दया तर आपल्या माणसांना पूर्वीही मिळत होती." शब्दाचा अर्थ सांगून मी वेळ मारून नेली असती, पण तिच्या दुसऱ्या वाक्याने मला गप्प केले. त्या वाक्याचे उत्तर पोथीत नाही, ते आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

मंगळवेढे हे दयेचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि त्या धान्याचे पैसे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात भरले, ही कथा पिढ्यान् पिढ्या कीर्तनांतून सांगितली गेली. उपाशी माणसासाठी स्वतःची मान धोक्यात घालणाऱ्या दामाजीपंतांच्या माणुसकीबद्दल मला शंका नाही. पण या कथेतला एक प्रश्न कोणा कीर्तनकाराने विचारलेला मी ऐकला नाही. देव एका दिवसापुरता महार झाला. महार मात्र एका दिवसापुरताही माणूस का झाला नाही? काम झाल्यावर देव ते रूप टाकून राऊळात परतला. ज्याचे रूप त्याने घेतले, त्याला त्या राऊळाची पायरी चढण्याचीही मुभा नव्हती.

चोखोबा याच मंगळवेढ्याचा. १३३८ साली गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली तो गाडला गेला, असे परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरला आहे, तीही महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले. मध्ये ६०९ वर्षे गेली. एवढ्या काळात संतांचा कळवळा खोटा होता, असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबाच्या वेदनेशी त्यांनी नाते तोडले नाही. ती वेदना पायरीपाशीच अडवून धरणारी व्यवस्था मात्र त्यांनी साफ नाकारली.

या नकाराचे पहिले विधायक रूप सोलापुरातच दिसते. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात बहिष्कृत वर्गातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याचा भार वाहिला. हेच ऐदाळे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहाला महिना ४० रुपये अनुदान दिले. रक्कम लहान वाटेल. पण ती कोणा दात्याने पुण्य गाठी बांधण्यासाठी टाकलेली नव्हती. सार्वजनिक तिजोरीतला तो आपला वाटा होता. दामाजीपंतांच्या कोठारातले धान्य एका दुष्काळापुरते पुरले. वसतिगृहातला मुलगा शिकून बाहेर पडला, की घरात पुन्हा धान्यासाठी हात पसरण्याची पाळी येऊ नये, असा इथला विचार होता. माझ्या मते, करुणा आणि दया यांतला फरक इथून सुरू होतो.

याच काळात याच शहरात दयेचे आणखी एक रूप उभे होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. त्या वसाहतीला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. आत शाळा होती, गिरणीत कामाची सोय होती, सुधारणेची भाषा होती. हजेरीही होती आणि तारही होती. सुधारकांचा हेतू चांगला असेलही. पण ज्याला सुधारायचे त्याला आधी गुन्हेगार मानले, तर त्या दयेला कुंपण लागतेच. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर गेला नाही.

डिसेंबर १९३७ च्या अखेरीस बाबासाहेब सोलापूर जिल्ह्याच्या दौऱ्यावर आले. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती. जानेवारी १९३८ च्या आरंभी सोलापुरात भारतीय ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे भाषण झाले. धर्मांच्या अभ्यासातून आपल्याला दोनच व्यक्ती मोहवू शकल्या, बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी तेथे सांगितले. एवढे ऐकून श्रोते सुखावले असतील. पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो आणि अन्यायाविरुद्ध लढायला ख्रिस्ती समाज पुढे येत नाही, हेही त्यांनी त्याच सभेत तोंडावर सुनावले. धर्मसंस्थापकाच्या प्रेमाची साक्ष काढून भागत नाही. त्याच्या अनुयायांचा समाज कसा वागतो, हे पाहावे लागते. श्रद्धेला लावलेली ही कसोटी १९५६ पर्यंत त्यांनी सोडली नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थ गौतम म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटतो, तो युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी परिव्रज्या पत्करतो. पाण्याचा तंटा! महाडच्या तळ्यावर गेलेल्या समाजाला हा बुद्ध परका कसा वाटेल? याच ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा यांना एकमेकींपासून तोडलेले नाही. प्रज्ञेवाचून करुणा दुःखाचे कारण न शोधता भिक्षा घालत बसते, आणि करुणेवाचून प्रज्ञा ही नुसती पंडिताची चतुराई होते.

आता प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे. १९३७-३८ च्या त्या दौऱ्यात बाबासाहेब मातंग बांधवांच्या परिषदेपुढेही बोलले होते. आज आपल्या विहारात मातंग, वडार, कैकाडी, पारधी यांचा मुलगा सहज येऊन बसतो का? सेटलमेंटमधली मुलगी वंदनेला आली, तर तिच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? विहार बांधले, मूर्ती आणल्या, जयंत्या थाटात झाल्या. विहाराच्या बाजूला मुलांना अभ्यासाला एक खोली किती ठिकाणी काढली? उत्तर अवघड असेल, तर आपणही नकळत एक पायरी बांधली आहे आणि तिच्यापाशी कोणाला तरी उभे केले आहे.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या रविवारी सांगितले, "दया मिळाली तरी माणूस दाराबाहेरच राहू शकतो. करुणेत तसे चालत नाही." ती म्हणाली, "मग सर, सेटलमेंटमधल्या पोरींसाठी संध्याकाळी वर्ग घेऊ या का?" विहाराची किल्ली तेव्हापासून तिच्याकडे आहे.