श्रीविजय : शपथेच्या पाण्यावर उभे राहिलेले राज्य

बांका बेटावरील कोटा कापूर येथील शिलालेखात आलेले ‘श्रीविजय’ हे नाव डच पंडित हेंड्रिक केर्न यांनी १९१३ मध्ये एका राजाचे मानले होते. १९१८ मध्ये फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी भारतीय लेख आणि चिनी वृत्तान्त एकमेकांशी पडताळून ते एका राज्याचे नाव असल्याचे दाखवून दिले, आणि आग्नेय आशियाच्या इतिहासातील एक विसरलेले पर्व उजेडात आले. सुमात्रातील मुसी नदीच्या काठी, आजच्या पालेंबांगच्या परिसरात, सातव्या शतकात हे राज्य उदयास आले. चीन आणि भारत यांच्यामधील जहाजांना मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जावे लागे, तर कापूर व सुगंधी राळ हा माल आतल्या रानांतून नद्यांवाटे खाली येई. राजाचे वैभव त्यामुळे जमिनीच्या महसुलापेक्षा नदीच्या वरच्या अंगाला राहणारे प्रमुख आणि समुद्रावरचे नाविक यांच्या निष्ठेवर अधिक अवलंबून होते.

ही निष्ठा कशी बांधून घेतली जात असे, हे तेलागा बातू येथील शिळेवरून कळते. सात फणांच्या नागाने मस्तक मंडित केलेल्या या शिळेवर अठ्ठावीस ओळींचा लेख असून पायाशी पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ आहे. अक्षरांवरून ओघळून आलेले पाणी पिऊन शपथ घेतली जात असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. द्रोह करणाऱ्याला शपथच मारील, असे लेख बजावतो. शपथेने बांधल्या गेलेल्यांत युवराज, सेनापती, दंडनायक आणि कायस्थ म्हणजे लेखनिक आहेत, तसेच जहाजांचे नाखवे, व्यापारी, राजाचे धोबी आणि दासही आहेत. राजवाड्यातील धोब्यालाही शपथेत गोवणारी ही सत्ता आपले भय किती नेमके ओळखत होती, हे या यादीतून कळते.

या लेखांची लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीवरून आलेली, पदांची नावे पुष्कळशी संस्कृत, कालगणना महाराष्ट्रातही चालणाऱ्या शकाची, पण भाषा जुनी मलय आहे. ‘बृहत्तर भारत’ या कल्पनेने भारलेल्या जुन्या लेखनात अशा राज्यांकडे भारतीय वसाहती म्हणून पाहिले गेले. ते मत आता टिकत नाही. मलय राज्यकर्त्यांनी धर्म, लिपी आणि पदव्या समुद्रापलीकडून निवडून घेतल्या व आपल्या गरजांप्रमाणे वापरल्या. इ.स. ६८४ च्या तालांग तुवो लेखात राजा जयनाशाने श्रीक्षेत्र नावाचे उद्यान लावल्याची नोंद आहे. तेथील नारळ, सुपारी, साबुदाण्याचे माड आणि बांबू यांचे पुण्य सर्व प्राणिमात्रांना लाभावे अशी प्रार्थना त्यात असून, ती महायान बौद्ध विचारातील बोधिचित्ताच्या, म्हणजे सर्वांच्या कल्याणासाठी बोधी मिळवण्याच्या संकल्पाच्या, भाषेत केली आहे. झाडे मात्र सुमात्राच्या मातीतली आहेत.

इ.स. ६७१ मध्ये चीनहून निघालेला भिक्षू इत्सिंग वाटेत श्रीविजयमध्ये सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला. येथे हजाराहून अधिक भिक्षू राहतात, असे त्याने लिहिले, आणि भारतात जाणाऱ्या चिनी भिक्षूंनी आधी येथे एक-दोन वर्षे अभ्यास करावा, असा सल्ला दिला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे सुमात्राचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला व पाल सम्राट देवपालाने त्यासाठी पाच गावे दिली. पुढे श्रीविजयच्या राजाने नागपट्टणम् येथे उभारलेल्या चूडामणी विहाराला राजराज चोळाने आनैमंगलम् हे गाव दिले. पण त्याचा पुत्र राजेंद्र याने १०२५ च्या सुमारास श्रीविजयवर आरमार पाठवून राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन याला कैद केले. एकाच घराण्याने एका पिढीत दान द्यावे आणि पुढच्या पिढीत मोहीम काढावी, यामागे व्यापारमार्गावरील वर्चस्वाची स्पर्धा असावी. चोळांनी तेथे कायमचे राज्य वसवले नाही, तरी बंदरांवरील पालेंबांगचा वचक ओसरला आणि अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्तेचे केंद्र बातांग हारी नदीवरील जांबीकडे सरकले.