बीएल-५३४ विमान अपघात
(७ फेब्रुवारी १९६८). हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्याच्या पर्वतरांगांत भारतीय हवाई दलाचे एएन-१२ हे मालवाहू विमान कोसळून झालेला अपघात. विमानातील सर्व १०२ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाच्या इतिहासातील सर्वाधिक बळींच्या अपघातांत त्याची गणना होते.

हिवाळ्यात झोजी ला आणि रोहतांग या खिंडी बर्फाने बंद होत आणि लडाखला जाणारी वाट तुटे. रजा संपवून पलटणीत परतणाऱ्या जवानांना चंदीगडहून लेहला जाणाऱ्या लष्करी विमानांचाच आधार असे. चार टर्बोप्रॉप इंजिनांची सोव्हिएत बनावटीची एएन-१२ विमाने १९६१ पासून हे काम करत होती. १९६२ च्या युद्धात याच विमानांनी चुशूलला रणगाडे पोहोचवले होते.

त्या दिवशी विमानाचे सारथ्य फ्लाइट लेफ्टनंट हरकेवल सिंग यांच्याकडे होते. लेहजवळ पोहोचल्यावर हवामान बिघडलेले दिसले, म्हणून त्यांनी विमान माघारी वळवले. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या सिंधूच्या खोऱ्यात आहे. खोरे ढगांनी भरले असता तिथे उतरण्याचा प्रयत्न म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे परतण्याचा निर्णय रास्तच होता. परंतु चंदीगडच्या वाटेवरही उंच रांगा ओलांडणे चुकत नव्हते. रोहतांगच्या परिसरातून शेवटचा रेडिओ संपर्क झाला आणि विमान नाहीसे झाले.

त्यानंतर ३५ वर्षे विमानाचा ठावठिकाणा लागला नाही. या काळात घरच्यांच्या वाट्याला आलेली परवड हा या घटनेचा सर्वांत क्लेशदायक भाग मानला पाहिजे. माणूस गेला म्हणावे तर देह नाही, परत येईल म्हणावे तर कसलीच खूण नाही. २००३ मध्ये मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला चंद्रभागा-१३ शिखराच्या बाजूला, ढाका हिमनदीच्या परिसरात विमानाचे अवशेष आणि एका जवानाचा मृतदेह सापडला. हिमनदीच्या वरच्या भागात दरवर्षी नवा बर्फ साचतो आणि खाली दडलेली वस्तू त्या बर्फाबरोबर हळूहळू उताराला सरकते. खालच्या पट्ट्यात बर्फ वितळू लागला की ती उघडी पडते. त्यामुळे एकदा तपासून झालेल्या जागीही पुढे काही सापडू शकते. एका मोहिमेवर शोध थांबवणे म्हणूनच चुकीचे ठरले असते.

लष्कराने शोध सुरूच ठेवला. २००७ मध्ये ‘पुनरुत्थान-३’ मोहिमेत तीन मृतदेह मिळाले. २०१८ मध्ये शिखरावरील कचरा काढायला गेलेल्या गिर्यारोहकांना आणखी एक आढळला. २०१९ मध्ये डोग्रा स्काउट्सच्या जवानांनी हवाई दलाच्या सोबतीने इंजिन, पंख्याची पाती आणि सांगाड्याचे तुकडे शोधून काढले. सप्टेंबर २०२४ मध्ये डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या पथकाने चार मृतदेह खाली आणले. उत्तर प्रदेश, उत्तराखंड, केरळ आणि हरियाणा येथील हे जवान होते. कोणाची ओळख खिशातल्या कागदांवरून पटली, कोणाची पे-बुकावरून. केरळचा जवान मृत्युसमयी अवघ्या २२ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला पतनमतिट्टा जिल्ह्यातील त्याच्या गावी लष्करी इतमामात त्याचा दफनविधी झाला.

२०२४ च्या मोहिमेअखेर १०२ पैकी नऊ जणांचे मृतदेह हाती आले होते.