अंगावरचे पिस्तूल : मालकांच्या अनुभवांकडे वळताना

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत आज कायद्याने अपात्र न ठरलेल्या सज्ञान नागरिकाला कोणताही परवाना न काढता, कपड्यांखाली भरलेले पिस्तूल बाळगून बाजारहाट करता येतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ मधील पाहणीत सुमारे ३२ टक्के प्रौढांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले आणि त्यांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मालकीचे मोठे कारण मानले. आपल्याला पिस्तूल दिसते ते पोलिसाच्या कमरेला, चित्रपटात नाहीतर गुन्ह्याच्या बातमीतल्या छायाचित्रात. या तिन्ही ठिकाणी ते डोळ्यांसमोर असते. ज्या लहान पिस्तुलांविषयी ही प्रस्तावना आहे, त्यांचे आयुष्य मात्र सदऱ्याखाली, खिशात, पर्समध्ये, कोणाच्या नजरेस न पडता जाते. त्यांविषयी त्यांचे मालक काय सांगतात, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. होऊ शकतो, आणि तो शस्त्रांच्या शौकिनांपुरता मर्यादित ठेवण्याचे काही कारण नाही, असे मला वाटते.

थोडा इतिहास आधी पाहू. लपवून बाळगायचे पिस्तूल ही कल्पना जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांनी घडवलेले तळहाताएवढे पिस्तूल एकोणिसाव्या शतकात इतके गाजले, की त्यांच्या नावाची नक्कल करणारे कारागीर जागोजागी उभे राहिले. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच पिस्तुलातून. जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जाकिटाच्या खिशात मावेल असे स्वयंचलित पिस्तूल तयार केले. कोल्ट कंपनीने ते १९०८ मध्ये अमेरिकेत विकायला आणले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘चीफ्स स्पेशल’ हे पाच गोळ्यांचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर काढले आणि पुढची कित्येक दशके साध्या वेशातला पोलीस असो की रात्री गल्ला मोजणारा दुकानदार, दोघांच्याही अंगावर बहुधा तेच किंवा त्याचे भावंड असे.

आजची पिस्तुले अशी का आहेत, हे मात्र कारखान्यापेक्षा कायद्याकडे पाहून लवकर कळते. फ्लोरिडाने १९८७ मध्ये नियम केला, की अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना नाकारता येणार नाही. एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली. टेक्सासने १९९५ मध्ये कायदा केला, इलिनॉयने २०१३ मध्ये. दरम्यान १९९४ च्या संघीय कायद्याने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक गोळ्यांना बंदी घातली. दहाच गोळ्या भरायच्या तर मूठ लांब कशाला ठेवायची? ग्लॉकचे आखूड २६ क्रमांकाचे पिस्तूल १९९५ मध्ये बाजारात आले आणि याच मोजमापात चपखल बसले. बंदी २००४ मध्ये संपली, पण लहान पिस्तुलाची चटक तोवर लागली होती. फ्लोरिडातल्या केल-टेकने अगदी हलकी पिस्तुले करून दाखवली, रुगरने २००८ मध्ये पावशेराच्या आसपास वजनाचे एलसीपी आणले आणि २०१८ मध्ये सिग सावरच्या पी३६५ ने जेमतेम इंचभर जाडीत नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या बसवल्या. मालकांच्या अनुभवकथनांत ‘पी३६५ च्या आधी’ आणि ‘नंतर’ असा कालविभाग सहज वापरला जातो, तो यामुळे.

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. लहान पिस्तूल बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड असते. नऊ मिलिमीटरचे काडतूस १९०२ पासूनचे. ते मोठ्या पिस्तुलात घातले काय किंवा लहान, त्यातली दारू तेवढीच. बेरेटाच्या ९२ या सैनिकी पिस्तुलाचे रिकामे वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरते, पी३६५ चे पाचशेच्या. वजन निम्मे झाले की तोच धक्का हाताला कितीतरी तीव्र लागतो. मूठ आखूड असल्याने करंगळी अधांतरी राहते. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर कमी, म्हणून नेमातली किंचितशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग घटतो. लक्ष्यात शिरल्यावर पसरण्यासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी मग पसरतेच असे नाही. वरची स्लाइड हलकी, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते; स्लाइडचा प्रवास छोटा, म्हणून मॅगझिनला पुढचे काडतूस वर ढकलायला वेळ कमी मिळतो. अशा यंत्राला काडतुसाचा प्रकार बदललेला खपत नाही, हाताची पकड सैल झालेलीही खपत नाही. मनगट ढिले पडले तर सारे पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामे टरफल मध्येच अडकते. ‘माझे पिस्तूल अडकते’ ही तक्रार वाचकांनी वाचली, तर दोष पिस्तुलाचा, काडतुसाचा की मनगटाचा, हा प्रश्न लगेच मनात आणावा. अनुभवी मालक स्वतःच तो विचारतात; नवखे विचारत नाहीत.

अर्थात गोळीबार हा या अनुभवाचा लहानसा भाग आहे. बहुतेक मालकांच्या आयुष्यात सरावाच्या मैदानाबाहेर हे पिस्तूल कधीच चालत नाही. जे घडते ते रोज बाळगणे. म्हणून या साहित्यातली सर्वांत मोलाची पाने नेमाविषयी नसून घामाविषयी आहेत, हे समजून घेतल्याशिवाय त्याची गोडी लागणार नाही. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात कातडीला चिकटलेल्या पोलादावर गंज कुठून चढतो. पँटच्या खिशातले सुताचे धागे नळीच्या तोंडाशी कसे साचतात. गाडीत बसल्यावर मूठ बरगडीत कशी रुतते आणि पट्टा लावून तीच कशी गप्प बसते. वाकून बुटाची नाडी बांधताना सदऱ्यावर आकार उमटतो का – हे सारे मालक ज्या बारकाईने नोंदवतात, तितक्या बारकाईने कोणताही कारखाना सांगत नाही. नवी कोल्हापुरी चावते की नाही हे दुकानात कळत नाही, तसेच हे. पिस्तुलाइतकेच, किंबहुना जास्तच, लिहिले गेले आहे ते त्याच्या म्यानावर, म्हणजे होल्स्टरवर. कारण चाप पूर्ण झाकला गेला नाही तर हेच शस्त्र मालकाच्या मांडीवर उलटते. अनेकांच्या घरी न पटलेल्या होल्स्टरांनी भरलेला एक खण असतो. त्या खणाविषयी मालक हसत लिहितात, पण चुकत शिकण्याची ती प्रामाणिक नोंद आहे, आणि या क्षेत्राचा मला थोडा अभिमान वाटतो तो अशा नोंदींमुळे.

तरीही अनुभवाला मर्यादा असते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये रुगरने आपली पहिली एलसीपी पिस्तुले परत मागवली. भरलेले पिस्तूल कठीण जमिनीवर पडल्यास गोळी सुटू शकत होती. ज्याचे पिस्तूल हातातून कधी निसटलेच नाही, त्याच्या अनुभवात हा दोष येणार नव्हता, आणि ‘मला कधीच त्रास झाला नाही’ हे त्याचे वाक्य खरे असूनही अपुरे ठरले असते. म्हणून प्रत्येक कथन वाचताना काही गोष्टी पाहाव्यात: माणसाने पिस्तूल किती काळ वापरले, त्यातून किती गोळ्या झाडल्या, कोणत्या काडतुसांच्या, आणि ते अंगावर बाळगले की कपाटात ठेवले. पन्नास गोळ्यांनंतरचा आनंद आणि दोन हजार गोळ्यांनंतरचे समाधान यांना एकच वजन देऊ नये. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला नावे ठेवणे माणसाला जड जाते, हेही विसरू नये.

स्त्रियांचे अनुभव वाचकांनी शक्य तितक्या लवकर वाचावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘बाईच्या हाताला छोटे बरे’ म्हणत हलके, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर दुकानदाराने किंवा नवऱ्याने गळ्यात मारले, आणि पहिल्याच सरावात तळहात सोलवटून निघाला, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. हलके म्हणजे सोपे, हा समज तिथे पार मोडतो. स्लाइड मागे ओढायला लागणारा जोर, कमरपट्टाच नसलेले कपडे, पर्समध्ये हात घालणारे मूल, हे प्रश्न त्यांनीच पुढे आणले. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये सहज ओढता येणाऱ्या स्लाइडचे ‘शील्ड ईझी’ काढले. बाजाराने ऐकायला एवढा वेळ लावावा, हे नवल नाही, पण भूषणावहही नाही.

ज्यांना मालकांच्या कथनांपलीकडे जायचे असेल, त्यांच्यासाठी वाट तयार आहे. मसाद अयूब यांचे १९८० चे ‘इन द ग्रेव्हेस्ट एक्स्ट्रीम’ हे पुस्तक शस्त्र बाळगणाऱ्यावर कायद्याची आणि विवेकाची कोणती जबाबदारी येते, ते सांगते. जेनिफर कार्लसन यांनी मिशिगनमध्ये शस्त्र बाळगणाऱ्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये ‘सिटिझन-प्रोटेक्टर्स’ लिहिले. उद्योगधंदे बुडालेल्या गावांत पुरुष पिस्तूल का बाळगू लागतात, हा त्यांचा प्रश्न आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड यमाने स्वतः बंदूकधारक होऊन या जगाकडे आतून पाहतात. दोघांची मते जुळत नाहीत, म्हणून दोघांनाही वाचावे.

काही आवाज मात्र या कथनांत ऐकू येत नाहीत. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ती माणसे आपला अनुभव लिहीत नाहीत. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने थांबवली. आपल्याकडे शस्त्र असल्याचे त्याने आपण होऊन सांगितले, त्याच्यापाशी परवाना होता, आणि काही क्षणांत तो पोलिसाच्या गोळ्यांना बळी पडला. पुढच्या वर्षी न्यायालयात तो पोलीस निर्दोष सुटला. दिसू न देता शस्त्र बाळगण्याची निश्चिंती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने बाकीची कथने अर्धवटच वाचली.

भारतात ही सारी चर्चा परकी वाटते, त्यालाही कारण आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांमुळे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर आहे. परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत लाखाच्या वर होती. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हा विषय दूरचा नाही. टेक्सासमधल्या घराशेजारचा माणूस सदऱ्याखाली काय बाळगतो आणि न्यू जर्सीतला का बाळगू शकत नव्हता, हा फरक त्यांच्या रोजच्या परिसराचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालात परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची अट रद्द केल्यानंतर तो फरकही बराच कमी झाला.

पहिल्यांदाच या विषयाकडे येत असाल, तर नव्या पिस्तुलांच्या कौतुकापासून सुरुवात करू नका. पाच गोळ्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मालकांना आधी वाचा. त्यांना विकत घेतल्याचा उत्साह उरलेला नसतो. मग पी३६५ च्या पिढीकडे या. आणि ज्यांनी काही वर्षे बाळगून पिस्तूल खाली ठेवले, अशांची कथने कुठे मिळाली तर ती जपून ठेवा, कारण ती फार थोडी आहेत.