जुन्या गोव्यांतील ख्रिस्ती शिल्प आणि भाविकता

परधर्माची ओळख आपणांस बहुधा इतिहासाच्या पुस्तकांतून होते, आणि तीं पुस्तकें धर्माविषयीं बोलूं लागलीं म्हणजे मुख्यतः त्याच्या भांडणांविषयींच बोलतात. त्या धर्माचा मनुष्य देवासमोर उभा राहतो तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें काय असतें, हें त्यांत सहसा सांपडत नाहीं. तें जाणावयाचें तर त्याच्या मंदिरांतच गेलें पाहिजे. विद्यार्थ्यांची सहल घेऊन जुन्या गोव्यास जाण्याचा योग आला, तेव्हां तेथील इगर्जी पाहून आमचें असें मत झालें कीं, त्यांच्याकडे केवळ कलावस्तु म्हणून पाहणें जितकें अपुरें, तितकेंच केवळ जुन्या अन्यायाची खूण म्हणून पाहणेंही अपुरें होय.

अल्बुकर्कनें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, म्हणजे संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं, गोवें जिंकलें. म्हणून तेथील प्रधान इगर्ज, जिला 'से' म्हणतात, ती त्या संतिणीच्या नांवें आहे. तिचें काम १५६२ मध्यें सुरू होऊन १६१९ मध्यें इमारत उभी राहिली. दोन मनोऱ्यांपैकीं एक १७७६ मध्यें कोसळला, त्यामुळें दर्शनी बाजू आज एका खांद्यानें पडलेली दिसते. आंत मुख्य वेदीमागें सोन्याचा मुलामा दिलेलें भव्य लांकडी कोरीव काम असून त्यांत संत कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग दाखविले आहेत. आपल्याकडे पुराणिक जें तोंडानें सांगतो, तेंच येथें सुतारानें लांकडांतून सांगितलें आहे. अक्षरशत्रु भाविकासही तें कळावें, हा त्याचा मूळ हेतु; शोभा ही मागाहूनची गोष्ट.

समोरच बों जेझूची इगर्ज आहे. १५९४ मध्यें आरंभ होऊन १६०५ मध्यें तिचा संस्कारविधि झाला. भिंती आपल्या कोंकणच्याच जांभ्या दगडाच्या. दर्शनी भागावरील नक्षीचा काळा दगड वसईकडून आणलेला. चीनच्या किनाऱ्यालगत १५५२ मध्यें वारलेले आणि १६२२ मध्यें संतपदास पोंचलेले फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह येथें आहे. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर तो ठेवला आहे, तो टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो ह्यानें फ्लोरेन्सचा शिल्पकार फॉजिनी ह्याजकडून करवून घेतला, आणि १६९८ मध्यें तो येथें बसविण्यांत आला. परंतु त्यावरील रुप्याची पेटी त्याहूनही जुनी, १६३६-३७ ची असून ती गोमंतकीय कारागिरांनीं घडविलेली आहे. खालच्या शिल्पकाराचें नांव वाटाड्यानें आम्हांस न विचारतां सांगितलें. वरच्या कारागिरांविषयीं तो कांहींच बोलला नाहीं.

हा कारागीरच ह्या कलेचा खरा दुभाषी होय. १५६७ मध्यें गोव्यास भरलेल्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती पूजेच्या वस्तु हिंदु कारागिरांकडून करवूं नयेत असा निर्बंध घातला. जी गोष्ट घडत नाहीं तिच्याविरुद्ध कोणी निर्बंध घालीत नाहीं; तेव्हां त्या काळीं काय चाललें होतें ह्याचा हा पुरावाच समजावा. गोव्यांतील कित्येक इगर्जींत व्यासपीठाच्या तळाशीं नागकन्या कोरलेल्या दिसतात. हस्तिदंती मूर्तींत बाल ख्रिस्त मेंढपाळ होऊन डोळे मिटून, गालास हात लावून बसलेला असतो. त्याची ती ध्यानमुद्रा युरोपाची नव्हे. भाषेच्या क्षेत्रांत हेंच फादर स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मोपदेशकानें केलें. त्याचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. श्रोत्याच्या स्वतःच्या वाणींत उतरल्यावांचून श्रद्धा अंतःकरणांत शिरत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

परंतु एवढेंच सांगून थांबणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. ह्याच शतकांत तिसवाडी, बारदेश व साष्टी ह्या महालांतील देवळें पाडलीं गेलीं. १५६० मध्यें आलेलें धर्मन्यायालय मधलीं चार वर्षें सोडल्यास १८१२ पर्यंत टिकलें. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, त्या वेळीं पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या अंत्रूज महालांत, भक्तांनीं हलविली.

आम्ही बों जेझूंत असतां एक खेडवळ कुटुंब गुडघे टेकून प्रार्थना करीत होतें. ज्याच्या घरचें कुलदैवत मंगेश, अशा एका विद्यार्थ्यानें हलक्या आवाजांत विचारलें, "सर, येथें हात जोडावे, कीं नुसतें पाहावें?" आम्हीं सांगितलें कीं, हात जोडणें ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे, पण त्यानें आवाज खालीं आणला, तेवढें मात्र प्रत्येकाचें कर्तव्य आहे. त्या कुटुंबाचे पूर्वज ह्या धर्मांत खुशीनें आले कीं धाकानें, ही चौकशी इतिहासकारानें दप्तरांत अवश्य करावी. समोर चाललेल्या प्रार्थनेस ती विचारूं नये. ती प्रार्थना आतां सर्वस्वीं त्यांची आहे.

म्हणून अशा सहली नेणाऱ्या शिक्षकांस आमची सूचना आहे कीं, सकाळीं जुनें गोवें पाहिल्यावर त्याच दिवशीं मंगेशी आणि कवळें हीं स्थानें अवश्य दाखवावीं. तेथील देवळें पुढें नव्यानें उभारलीं गेलीं, तेव्हां त्यांवर घुमट चढले, भिंतींत कमानदार खिडक्या आल्या. म्हणजे जिच्या भयानें देव नदीपार गेला, त्या इगर्जीची घडण कारागिरानें त्याच्याच घरास दिली. विध्वंस करणारे आणि घडविणारे हात एकाच काळीं त्याच भूमींत वावरत होते. विद्यार्थ्यानें पहिल्यांचें विस्मरण होऊं देऊं नये, आणि दुसऱ्यांची ओळख करून घेतल्यावांचून घरीं परतूं नये.