सीमेवरचं जत: ठराव कशासाठी होता?

आज जाऊया जतला. सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पलीकडे कर्नाटकातलं विजापूर.

जत म्हणजे डफळ्यांचं छोटं संस्थान. आधी ते विजापूरच्या आदिलशाहीत, पुढे साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, जत मात्र टिकलं. १९४८ मध्ये ते विलीन झालं आणि नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आलं. याच जिल्ह्याचं नाव १९६० मध्ये 'सांगली' झालं.

मधे, १९५६ ला, राज्यांची भाषावार रचना झाली. तोवर मुंबई राज्यातच असलेला विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माणसं मात्र तशीच राहिली. जतच्या पूर्व भागात आजही घरात कन्नड, कचेरीत मराठी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला भाविक दोन्ही राज्यांतून येतात.

मग २०१२ च्या सुमारास इथल्या ४० गावांनी कर्नाटकात जायचा ठराव का केला? भाषेसाठी? नाही हो, पाण्यासाठी! कृष्णा सांगलीतून वाहते, पण जतच्या माळावर पाणी उचलूनच आणावं लागतं.

२०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच ठराव पुढे केला. त्यानंतर आपल्याकडे म्हैसाळ योजनेच्या विस्ताराची चक्रं भराभर फिरली.

विचार करा, तहानेची हाक ऐकू यायला सीमावादच पेटावा लागला!