एकाच कृत्याला दोनदा शिक्षा? सांताक्रूझचे सोने आणि कलम २०(२)

१/ एकाच कृत्यासाठी माणसाला दोनदा शिक्षा करता येते का? या प्रश्नाचे आपल्याकडील पायाभूत उत्तर मुंबईच्या उपनगरातील एका झडतीतून आले. ६ नोव्हेंबर १९४९ रोजी मकबूल हुसेन हे जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरले. सोबत सोने असल्याचे त्यांनी सांगितले नाही. झडतीत १०७.२ तोळे, म्हणजे सुमारे सव्वा किलो सोने सापडले.

२/ सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १९ डिसेंबर रोजी १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याखाली सोने सरकारजमा केले. चार महिन्यांत १२,००० रुपये भरून ते सोडवून घेण्याची मुभा होती. ते सोडवायला कोणी आले नाही.

३/ मग २२ मार्च १९५० रोजी त्याच सोन्यावरून परकीय चलन नियमन कायद्याखाली मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल झाली. मधल्या काळात राज्यघटना लागू झाली होती. एकाच अपराधाबद्दल कोणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही, अशी हमी तिच्या कलम २०(२) मध्ये होती.

४/ सोने गेले ही शिक्षाच नव्हे काय, हा आरोपीचा युक्तिवाद. उच्च न्यायालयाने तो मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही १७ एप्रिल १९५३ रोजी तो नाकारला. निकालपत्र न्या. नटवरलाल भगवती यांचे होते.

५/ कारणमीमांसा अशी: ‘खटला’ म्हणजे न्यायालयापुढील किंवा न्यायिक न्यायाधिकरणापुढील कार्यवाही. सीमाशुल्क अधिकारी साक्षीदाराला शपथ देऊ शकत नाही; शपथेवरील पुराव्यानेच निर्णय करण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. म्हणून तो न्यायाधिकरण नव्हे आणि जप्ती ही कलम २०(२) मधील शिक्षा नव्हे.

६/ या तर्काला दुसरी बाजूही आहे. आरोपीला जिथे पुराव्याच्या नियमांचे संरक्षण नाही, नेमकी तिथली कारवाई हमीच्या बाहेर राहते. १९५८ मध्ये थॉमस डाना प्रकरणात बहुमताने हीच वाट धरली, न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

७/ अमेरिकेत निर्दोष सुटलेल्यालाही फेरखटल्यापासून घटनात्मक संरक्षण आहे. आपल्या कलमाला खटला आणि शिक्षा दोन्ही लागतात. निर्दोष सुटलेल्याला आधार मिळतो तो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचा. घटनेतली हमी संसद साध्या कायद्याने काढून घेऊ शकत नाही. कायद्यातली हमी बदलू शकते. सांताक्रूझच्या सोन्याने आखलेली रेषा म्हणूनच आजही महत्त्वाची आहे.